पुन्हा ऐकण्यासाठी एक दाबा

वडगाव, ता. निलंगा
१८ नोव्हेंबर २०२४

अक्षरा,

तुझ्याशी बोलणार नाही अशी शपथ अप्पांनी माझ्याकडून घेतली तेव्हा माझा हात गळ्यातल्या इष्टलिंगावर होता. पण लिहिणार नाही असं त्या शपथेत काही नव्हतं. म्हणून लिहिते. तीन वर्षांत पहिल्यांदाच, आणि तेही भांडायला.

तुझा आवाज आमच्या घरात येतो. सोमवारी आणि गुरुवारी, सकाळी धारेच्या वेळेला. शेतकरी गटाच्या लोकांनी सगळ्या गावाचे नंबर तुमच्या पाणी सल्ला केंद्रावर नोंदवले, त्यात अप्पांचाही गेला. पहिल्यांदा फोन वाजला तेव्हा मी चुलीपुढे होते. अप्पांनी फोन कानाला न लावता समोर धरला, ते सगळे फोन तसेच घेतात, आणि त्यातून तू बोललीस. "नमस्कार. वडगावच्या शेतकऱ्यांसाठी आजचा पाणी सल्ला." भाकरी तव्यावर करपली.

मला वाटलं, आता फोन आपटतील. ज्या माणसानं तू सुगतशी लग्न केलंस म्हणून तुझं नाव घरात घ्यायचं नाही असं ठरवलं, भिंतीवरचा तुझा पदवीचा फोटो काढून ट्रंकेत टाकला, तो माणूस उभा राहून शेवटपर्यंत ऐकत होता. शेवटी तू म्हणालीस, "सल्ला पुन्हा ऐकण्यासाठी एक दाबा. सेवा बंद करण्यासाठी नऊ दाबा." मी बघत होते. त्यांनी एक दाबला. मग पुन्हा एक दाबला.

तेव्हापासून हे असंच चालू आहे. शेजारच्या मन्मथकाकांना वाटतं, अप्पांना कमी ऐकू यायलंय. त्यांच्याच रानात तुमचं ओल मोजायचं यंत्र रोवलंय, म्हणून त्यांना ह्या सल्ल्याचं फार कौतुक. मला ठाऊक आहे, अप्पांना सगळं पहिल्याच वेळी ऐकू येतं.

आणि ते तुझ्याशी बोलतात, अक्षरा. रेकॉर्डिंगशी. तू म्हणतेस, "जमिनीत पुरेशी ओल आहे, या आठवड्यात पाणी देऊ नये." आणि ते म्हणतात, "हाव माय, न्हाई देत."

माय. मला ते वर्षा म्हणतात. रागात असले तर वर्षाराणी.

गेल्याच्या गेल्या साली आपला हरभरा पिवळा पडून मरायला लागला, तेव्हा मी म्हटलं होतं, अप्पा, दर आठ दिवसांनी एवढं पाणी नका सोडू. ते मी तू घरी असताना तुझ्याच तोंडून ऐकलं होतं, ते सोड. अप्पा काय म्हणाले? "तुला रानातलं काय कळतंय?" आता तेच तू म्हटलंस तर मोटारीच्या पेटीला कुलूप लागतं.

आमच्या गावाचा सल्ला दुसऱ्या कुणाकडून तरी रेकॉर्ड करून घे. तुमच्या केंद्रात माणसं कमी नसतील. एवढंच सांगायला लिहिलं.

वर्षाराणी


वडगाव
९ डिसेंबर २०२४

अक्षरा,

तुझं पत्र अंगणवाडीच्या पत्त्यावर मिळालं. पोरांना खिचडी वाढून झाल्यावर वाचलं. निलंग्याकडची सगळी गावं तुझ्याकडे आहेत, आवाज बदलला तर लोक विश्वास ठेवत नाहीत, असं लिहिलंस. मग अप्पांची तब्येत, अप्पांचं पथ्य, अप्पांचा डोळा. माझ्याबद्दल एक ओळ नाही. अक्का, तू कशी आहेस, एवढं लिहायला किती शाई लागली असती?

राहू दे. मीच सांगते. मी बरी आहे. सकाळी अंगणवाडी, दुपारनंतर रान, संध्याकाळी गोठा. भालकीचं सासर सोडून परत आले त्याला आता आठ वर्षं होतील. अप्पांनी मला एका शब्दानं विचारलं नाही तेव्हा, की का आलीस. पेटी उचलून आत नेली, एवढंच. लोक म्हणतात, केवढं मोठं मन. मलाही तसंच वाटायचं. आता वाटतं, विचारायला हवं होतं.

खरं सांगू? ते घर अप्पांनी पसंत केलं होतं. कापडाचं दुकान, आपल्यातलं, देवाधर्माचं. मी मान खाली घालून गेले आणि मोडून आले. तू अप्पांच्या तोंडावर सांगून बौद्ध घरात गेलीस, आणि नांदतेस. सुगत तुला डबा करून देतो असं ऐकलं. आमच्या पर्यवेक्षिका दामिनीताईंचं माहेर तुमच्या नायगावचंच आहे, तुला माहीत आहे का? त्या सांगतात. मी विचारत नाही, पण त्या सांगतात.

परवा पारावर मन्मथकाका म्हणाले, "गुरुपादप्पा, तुझ्या पोरीनं सांगितलं म्हणून थांबलो, न्हाईतर माझा हरभरा नुसत्या पाल्यानं मातला असता." सगळ्यांनी अप्पांकडे बघितलं. मला वाटलं, उठून जातील. त्यांनी टोपी काढली, झटकली, नीट घातली. आणि बसूनच राहिले.

मी रोज त्यांची धोतरं धुते. त्या टोपीला पण मीच साबण लावते.

तुझं पत्र मी त्यांना दाखवलेलं नाही. डोळ्याचं ऑपरेशन झालं, दिवाळीच्या आधी. लातूरला मीच नेलं होतं. बरं दिसतं आता त्यांना.

वर्षाराणी


वडगाव
३१ डिसेंबर २०२४

अक्षरा,

काल येळवस झाली. तू नव्हतीस, पण होतीस. ते कसं ते सांगते, आणि त्यानंतर मी काय केलं तेही. दुसऱ्या कुणाकडून तुला कळायला नको.

पहाटे उठून मी सगळं केलं. भज्जी, आंबील, उंडे, तिळाच्या पोळ्या, गव्हाची खीर. अव्वा गेली, घरात आई उरली नाही, तेव्हापासून दरवर्षी मीच करते, पण औंदा मी जीव ओतला होता. भज्जीत घालायला ओल्या तुरीचे दाणे आदल्या दिवशी सोलले. आंबिलीला लसूण अव्वासारखाच लावला. डोक्यावर जेवणानं भरलेली डाल घेऊन रानात गेले. अप्पांनी पूजेसाठी कडब्याची कोप छान बांधली होती, आत दोन माणसं बसतील एवढी. हरभरा फुलांनी भरला होता, खालच्या फांद्यांना घाटेही धरले होते. मन्मथकाकांचं घर, निलंग्याचे दोन पाहुणे, गटातली माणसं, सगळे जेवायला आपल्याच रानात.

अप्पांनी पूजा केली, शेताला फेरी मारून आंबील शिंपडली. मग पंगत बसली. मी पहिलं ताट अप्पांना वाढलं. त्यांनी भज्जीचा घास घेतला, आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "आज अगदी..."

आणि फोन वाजला. सोमवार होता, आणि सकाळी न आलेला सल्ला आत्ता आला.

त्यांनी उष्ट्या हातानं फोन काढला. डाव्या हातानं काढता आला असता, पण घाई. सगळ्या पंगतीनं माना तिकडे वळवल्या. कोपीतून तुझा आवाज. फुलोरा आहे, आत्ता पाणी देऊ नये, घाटे भरायला लागले की पुढच्या सल्ल्यात कळवू. आणि मग तू म्हणालीस, "सर्व शेतकरी बांधवांना येळवसीच्या शुभेच्छा." 'वेळ अमावस्या' नाही म्हणालीस. 'येळवस' म्हणालीस. घरच्यासारखं.

"हाव माय," अप्पा म्हणाले, "तुलाबी."

सगळ्यांच्या देखत. निलंग्याच्या पाहुण्यांच्या देखत. एकजण म्हणाला, पोरगी असावी तर अशी. मी भज्जीचं पातेलं धरून उभी होते. ते 'आज अगदी' पुढे काय होतं ते कधीच कळलं नाही. मी वाट बघितली. संध्याकाळपर्यंत बघितली.

अंधार पडल्यावर अप्पा येळवसीचा दिवा घेऊन गावाच्या वाटेला लागले, फोन कोपीत विसरले. मी उचलला. सल्ला येतो त्या नंबरावर फोन लावला. रेकॉर्डिंग सगळं ऐकलं, शुभेच्छांसकट. मग नऊ दाबला. "आपली सेवा बंद करण्यात आली आहे." तेही तुझ्याच आवाजात.

लपवत नाही. मी तुला आमच्या घरातून बंद केलं. अप्पांनी तुला काढलं होतं तेव्हा मी रात्रंदिवस रडले होते. ह्या वेळी रडले नाही.

वर्षाराणी


वडगाव
१० जानेवारी २०२५

अक्षरा,

हे पत्र दामिनीताईंच्या हाती देते आहे. त्या उद्या माहेरी निघाल्यात. पोस्टानं पाठवायला वेळ नाही. पूर्ण वाच, राग नंतर कर.

गुरुवारी फोन आला नाही. अप्पा धार काढायचे थांबले, फोनकडे बघितलं, पुन्हा धार काढली. सोमवारी फोन खिशातून काढून गोठ्याच्या खुंटीला टांगला, दिसेल असा. त्या दिवशी मन्मथकाकांना सल्ला आला, घाटे भरतायत, आता एक पाणी द्या. त्यांचं स्प्रिंकलर दुपारी सुरू झालं. आपल्या बांधावरून दिसत होतं.

मी म्हटलं, "अप्पा, काकांनी पाणी सोडलंय. आपणही सोडू."

"त्याला सांगितलं असंल."

"एकच तर रान आहे. बांधाला बांध लागून."

"मला न्हाई सांगितलं," अप्पा म्हणाले. मग म्हणाले, "तिला कळलं असंल, मी ऐकायलो म्हणून. तिनं मला बंद केलं."

अक्षरा, मला वाटलं होतं, ते चिडतील, विसरतील, पुन्हा माझ्याकडे बघतील. असं काहीच झालं नाही. त्यांना वाटतंय, तू त्यांना टाकलंस. आणि त्यांना ते बरोबरच वाटतंय. जसं ह्याच दिवसाची ते तीन वर्षं वाट बघत होते.

मन्मथकाका येऊन समजावून गेले. त्यांच्या फोनवर तुझा सल्ला लावून दाखवला. अप्पा उठून आत गेले. दुसऱ्यांच्या फोनवरचा तुझा आवाज ते ऐकत नाहीत.

औंदा थंडी कमी, ऊन कडक. काळ्या रानाला भेगा पडायला लागल्या. हरभऱ्याची खालची पानं वाळून गळतायत. काल घाटे दाबून बघितले, फुगलेले दिसतात, आत वारा. मी जाऊन मोटार चालू केली. या आठवड्यात दिवसाची लाईट आहे. पाईपांत पाणी चढलं, तेवढ्यात अप्पा आले आणि पेटीचा खटका खाली ओढला.

"रान माझं हाय."

"आणि पेरणीपासून राबलं कोण? निंदणी कुणी केली?"

"वर्षा, तू घरी जा."

तेव्हा मी सांगून टाकलं. "अप्पा, तिनं बंद नाही केलं. मी केलं. येळवसीला. तुमच्या फोनवरून मी नऊ दाबला."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता हात उचलतील. कधी उचलला नाही, पण मला वाटलं. ते म्हणाले, "तिच्यासाठी खोटं बोलू नगंस. तू तसं करणारी न्हाईस." आणि पेटीला कुलूप लावून निघून गेले.

मी बांधावर बसून राहिले. आठ वर्षं मला वाटत होतं, ह्या माणसाचं माझ्याकडे लक्षच नाही. आणि त्याला माझी एवढी खात्री, की मी स्वतःच्या तोंडानं सांगितलं तरी पटत नाही.

आता काय करायचं ते ऐक. सेवा पुन्हा सुरू करायला केंद्रावर फोन करावा लागतो, आणि मन्मथकाका म्हणतात, तिथं फोन तूच उचलतेस. मी शपथेत अडकलेली. काकांना सांगितलं असतं, पण त्यांना सांगायचं म्हणजे कुणी बंद केलं तेही सांगावं लागेल, आणि तेवढी हिंमत माझ्यात नाही. आणि नवीन नोंदणीला गेल्या वेळी तुमच्या केंद्राला आठवडा लागला होता. तोवर घाटे वाळतील.

म्हणून सोमवारी सकाळी धारेच्या वेळेला तूच अप्पांना फोन कर. तुझ्या फोनवरून. त्यांना नंबर वाचायची सवय नाही. रेकॉर्डिंगमध्ये बोलतेस तसंच बोल, त्याच सुरात. नमस्कारापासून नऊ दाबण्यापर्यंत. मध्ये थांबू नकोस, रडू नकोस. ते काही बोलले तरी उत्तर देऊ नकोस. रेकॉर्डिंग उत्तर देत नाही.

मला हे तुझ्याकडे मागावं लागतंय, ह्याचा मला किती राग येतो ते लिहीत नाही. पीक वाचव.

वर्षाराणी


वडगाव
१८ जानेवारी २०२५

अक्षरा,

तुला तिकडे नुसता आवाज ऐकू गेला. इकडे काय झालं ते तुला कोण सांगणार? अप्पा तर सांगणार नाहीत. मीच सांगते, कारण मी बघितलं.

सोमवारी मी लवकर उठले आणि उगाच गोठ्यात शेण भरत राहिले. अप्पा गायीजवळ बसले होते. फोन खुंटीलाच. वाजला, तेव्हा ते आधी उठलेच नाहीत. मग इतक्या घाईनं उठले की तांब्या लवंडला. हात धोतराला पुसले, फोन समोर धरला.

तू छान बोललीस. खरंच. मलासुद्धा क्षणभर वाटलं, रेकॉर्डिंगच आहे. "वडगावच्या शेतकऱ्यांसाठी आजचा पाणी सल्ला. हरभऱ्याचे घाटे भरत आहेत. जमिनीतील ओल कमी झाली आहे. आज किंवा उद्या तुषार संचाने एक हलके पाणी द्यावे. पाणी साचू देऊ नये."

"हाव माय," अप्पा म्हणाले. "देतो. आजच देतो."

मग तू म्हणालीस, पुन्हा ऐकण्यासाठी एक दाबा. आणि अप्पांनी एक दाबला.

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तुझ्या कानात नुसतं टूं वाजलं असेल. मी शेणाची पाटी धरून उभी. आणि तू पुन्हा सुरुवातीपासून सुरू केलंस. "नमस्कार. वडगावच्या शेतकऱ्यांसाठी..." शब्दाला शब्द. अप्पा मान हलवत ऐकत होते. संपलं, तसा त्यांनी पुन्हा एक दाबला. तू पुन्हा नमस्कार म्हणालीस.

त्या वेळी तुझा आवाज जमिनीतल्या ओलीपर्यंत आला आणि अडकला. तू खोकलीस. खोकला होता की दुसरं काही, ते तुलाच माहीत.

अप्पांचा चेहरा मी कसा सांगू? कुणीतरी हाक मारली आणि कुठून आली ते कळेना, तसं ते इकडेतिकडे बघायला लागले. मग फोनकडे बघितलं. गाय पाय आपटत होती. मग ते हळू म्हणाले, "खोकायलीस व्हय माय?"

मी तुला लिहिलं होतं, उत्तर देऊ नकोस.

"हाव अप्पा," तू म्हणालीस. "थोडं."

अप्पा गोठ्यातच खाली बसले. त्या सांडलेल्या दुधातच. "कधीपसून?" त्यांनी विचारलं, आणि मग तू काय म्हणालीस ते मला ऐकू आलं नाही, कारण त्यांनी फोन कानाला लावला. जन्मात पहिल्यांदा. मी हातभरावर उभी होते आणि मला काही ऐकू येत नव्हतं.

त्यांचं तेवढं मला कळलं. आल्याचा काढा घे. नायगावला पाणी कसं आहे. रात्री उशिरापर्यंत जागत जाऊ नकोस. मग, "त्यो बरा हाय का?" सुगतचं नाव घेतलं नाही, पण विचारलं. आणि प्रत्येक वाक्याला माय. मी गायीच्या पाठीवरून हात फिरवत राहिले, कारण हातांना काहीतरी काम हवं होतं.

फोन ठेवल्यावर त्यांनी मला विचारलं, "तूच बंद केलतंस?"

"हाव. मी सांगितलं होतं तुम्हाला."

"का?"

हे त्यांनी मला कधीच विचारलं नव्हतं, अक्षरा. भालकीहून आले तेव्हासुद्धा नाही. मी म्हटलं, "तुम्ही तिला माय म्हणता."

त्यांना ते कळलं की नाही, ठाऊक नाही. त्यांनी कुलपाची किल्ली धोतराच्या कडोसरीतून काढून माझ्या हातावर ठेवली. "चल. लाईट जाईल." दिवसभर आम्ही दोघांनी पाईप हलवले. मी नोझल लावत होते, ते बांधावरून किती भिजलं ते बघत होते. दुपारी म्हणाले, "येळवसीची भज्जी लई चांगली झालती. अव्वासारखी." मी म्हटलं, आता सांगताय? ते म्हणाले, "तवा फोन आला."

आज पाचवा दिवस. वरची पानं उभी राहिलीत. शेंड्याकडचे घाटे भरतायत, दाबले की आत दाणा लागतो. खालचे गेले. एक पाणी वेळेवर मिळालं असतं तर तेही भरले असते. ते माझ्यामुळे गेले, अप्पा एका शब्दानं बोलत नाहीत, आणि ह्या वेळी मला त्याचं वाईट वाटत नाही. काढणीला यायला सांगितलंय त्यांनी. दोघांना म्हणाले की नाही, ते मी नीट ऐकलं नाही. तू दोघांना समज.

तू गुरुवारी पण फोन केलास त्यांना, शुक्रवारी पण. मला माहीत आहे. ते गोठ्यात जाऊन बोलतात आणि दार लोटतात. काल बोलून झाल्यावर बाहेर आले आणि फोन माझ्यापुढे केला. "घे. बोल."

"तुम्ही शपथ घातलीय."

"मोडली ती. मीच मोडली."

तरी मी घेतला नाही. तू तिकडे वाट बघत असशील, आणि मी चुलीत लाकूड सारत बसले. तुला वाटलं असेल, अक्काचा राग गेला नाही. राग नाही गेला. पण त्यासाठी नाही. त्यांचं बोलून झाल्यावर उरलेला फोन मला नको होता.

माझा नंबर खाली लिहिते. अंगणवाडी सुटल्यावर कर, मी रानात जायच्या आधी. अप्पांना सांगू नकोस. हरभऱ्याचं बोलू नकोस, पाण्याचं बोलू नकोस. पहिल्यांदा मला हाक मार.

तुझी,
अक्का